मूर्ती लहान, काळीज मोठे

वस्तीवर कुत्रा पाळायचा म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे उंचापुरा, रुंद छातीचा, भुंकला तर पलीकडच्या वस्तीला जाग येईल असा कुत्रा उभा राहतो. कुणी मुधोळ किंवा कारवान जातीचे पिल्लू आणले, की चार दिवस पारावर त्याचीच चर्चा. मुधोळची कीर्ती काही खोटी नाही. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानात जोपासलेली ही जात. २०१६ साली भारतीय लष्कराने तिची पिल्ले शिकवण्यासाठी मेरठच्या आपल्या केंद्रात नेली. त्याआधी २००५ च्या जानेवारीत टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली होती. मुधोळ, रामपूर, राजापालयम आणि हिमालयातला मेंढ्या राखणारा कुत्रा, अशी ती चार. चौघेही धिप्पाड. बुटक्याला तिकिटावर जागा मिळाली नाही.

शेतकरी बंधू-भगिनींनो, आज मला लिहायचे आहे ते याच बुटक्याविषयी. उंची गुडघ्याएवढीही नाही, खातो अर्धी भाकरी, पण समोर कोण आहे आणि केवढा आहे हे ज्याला कधी कळतच नाही, असा कुत्रा आपल्या उसाच्या पट्ट्यात किती उपयोगाचा आहे, आणि त्याचे तेच धाडस त्याला कसे गोत्यात आणते, हे मी जवळून पाहिले आहे. त्यातल्या एका गोष्टीत चूक माझी होती. तीही सांगणार आहे.

बारामतीहून इंदापूरकडे निघाले, की काटेवाडी, भवानीनगर मागे पडते आणि सणसर येते. आषाढी वारीत तुकोबांच्या पालखीचा मुक्काम इथे असतो. त्याच दिवशी वाटेत काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. ते पाहायला गेलात तर मेंढ्यांकडे पाहाच, पण धनगरांच्या पायांत घुटमळणाऱ्या कुत्र्यांकडेही जरा पाहा. एका वर्षी मी एक वितीएवढ्या पायांचे काळे कुत्रे पाहिले. माणसांच्या रेट्याने एक मेंढा बिथरून उलटा फिरला होता. त्याच्या शिंगांसमोर हे कुत्रे असे उभे राहिले, की मेंढाच थबकला. आजूबाजूचे वारकरी हसले. धनगर मात्र हसला नाही. त्याला त्यात नवल वाटण्यासारखे काही दिसले नसावे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत सणसर आणि आसपासचा भाग माझ्याकडे होता. भवानीनगरच्या श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्यामुळे आणि नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यामुळे सगळीकडे ऊसच ऊस. चारीला लागून असलेल्या एका वस्तीवर माझे जाणे-येणे होते. घरात एक आजी, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडे. मळ्यात आडसाली ऊस, थोडा खोडवा, दारात चार जनावरे. आणि टिल्लू.

टिल्लूची कुळकथा अशी. पुण्यातल्या त्यांच्या एका पाहुण्याकडे डॅशहंड जातीची कुत्री होती. गावठी कुत्र्यापासून तिला झालेली पिल्ले शहरात कुणी घेईना. त्यातले एक पाहुण्याने पिशवीत घालून एस.टी.ने इकडे आणून सोडले. धड लांबट, कान लोंबते, रंग आपल्या गावठी कुत्र्याचा तांबूस आणि पाय म्हणाल तर नावाला. आजी म्हणायच्या, "ह्याला देवानं पाय द्यायचं राहूनच गेलं बगा, साहेब."

त्याच वस्तीवर खंड्या नावाचा थोरला कुत्रा होता. तो बैलगाडीखाली सावलीत झोपायचा आणि अनोळखी माणूस आला की पडल्या पडल्या भुंकायचा. टिल्लू दिवसभर बांध हुंगत हिंडायचा.

१९९८ च्या फेब्रुवारीत त्या वस्तीवरच्या उसाची तोड लागली. ज्यांनी उसाची तोड पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल, की टोळी एका बाजूने तोडत निघाली म्हणजे फडात दडलेले जितराब आत आत सरकत जाते. उंदीर, घुशी, मुंगूस, ससा, कधी कोल्हा, सगळे शेवटच्या चार सऱ्यांत गोळा होतात. मग एकदम बाहेर फुटतात. खंड्या पहिल्या सशामागे जो पळाला तो गावापर्यंत गेला. टिल्लू हलला नाही. पाचटात नाक खुपसून तो उभा राहिला, आणि पहिला उंदीर निघाला तसा त्याने मानेमागे धरला, एक हिसडा दिला, टाकला आणि लगेच दुसऱ्याकडे वळला. पहिल्याकडे वळूनही पाहिले नाही. मी बांधावर उभा राहून मोजत होतो. पाऊण तासात अकरा. शेवटची घूस चांगली किलोभर वजनाची असेल. केस फुलवून, घुर्र करत ती त्याच्यावरच उलटली आणि त्याच्या नाकाला डसली. त्याने ओरड केली नाही की सोडले नाही. तोडणी कामगार कोयते थांबवून बघत राहिले. त्यांच्यातली एक बाई म्हणाली, "एवढंसं हाय, पर वाघ हाय."

उंदराचे नुकसान आपण मनावर घेत नाही, कारण ते एकदम डोळ्यांत भरत नाही. उंदीर उसाची खालची कांडी कुरतडतो. ऊस उभा दिसतो, पण वारा आला की लोळतो. कुरतडलेल्या जागेतून कुजवणारी बुरशी आत शिरते. वजन घटते, साखर घटते. लोळलेल्या उसात उंदरांना आणखी आसरा मिळतो. घुशीचे बीळ चारीच्या भरावात असेल तर पाणी तिथूनच फुटते, आणि रात्रीच्या पाळीला दारे धरणारा माणूस बिचारा फावडे घेऊन धावत सुटतो. उंदराची मादी तीन-साडेतीन आठवड्यांत वीत असते, त्यामुळे दहा मारले आणि चार राहिले तर पुढच्या हंगामापर्यंत हिशेब पुन्हा होता तिथे येतो. म्हणून उंदराशी एका दिवसाची लढाई करून भागत नाही. रोज बांधावर फिरणारा कुणीतरी हवा. माणसाला तेवढी सवड नसते. टिल्लूला दुसरा उद्योगच नव्हता.

बुटकेपण हे व्यंग नव्हे

टिल्लूचे पाय देवाने द्यायचे राहून गेले नव्हते. ते माणसाने मुद्दाम आखूड करून घेतले होते. डॅशहंड ही जर्मनीतली जात. तिकडे बिळात राहणारा, भक्कम नखांचा आणि चावरा असा एक प्राणी असतो; जर्मन भाषेत त्याला डाक्स म्हणतात. त्याच्या बिळात शिरून त्याला समोरून भिडायचे, हे या कुत्र्याचे काम. बीळ अरुंद, म्हणून पाय आखूड. आत वळता यावे म्हणून धड लांब आणि लवचिक. छाती खोल, कारण जमिनीखाली हवा कमी. आवाज मात्र अंगाच्या मानाने फारच मोठा, कारण कुत्रा जमिनीखाली कुठे आहे हे वर उभ्या असलेल्या शिकाऱ्याला आवाजावरून कळले पाहिजे. आत गेलेल्या कुत्र्याला मालक मदत करू शकत नाही. मागे फिरायचे की भिडायचे, हे त्याचे त्यानेच ठरवायचे. शेकडो वर्षे मागे न फिरणाऱ्याचीच पिल्ले राखली गेली. असे हे धाडस रक्तात उतरले.

इंग्लंडातल्या टेरियर नावाच्या कुत्र्यांचेही तसेच. लॅटिन भाषेत जमिनीला टेरा म्हणतात, त्यावरून हे नाव. त्यांच्यातली जॅक रसेल ही जात जॉन रसेल नावाच्या एका पाद्र्याच्या नावाने ओळखली जाते. ऑक्सफर्डला शिकत असताना १८१९ साली त्याने एका दूधवाल्याकडून ट्रंप नावाची कुत्री विकत घेतली आणि तिच्यापासून पुढची पैदास केली, असे सांगतात. कुत्रा सहा-आठ किलोचा, पण घोडेस्वारांच्या बरोबरीने पळणारा आणि कोल्ह्याच्या बिळात शिरणारा.

आपल्यासारख्या गुरेवाल्यांना आवडेल असा एक तिसरा कुत्रा म्हणजे वेल्स प्रांतातला कॉर्गी. इंग्लंडच्या राणीचा लाडका म्हणून तो जगाला माहीत झाला. पण मूळचा तो गुराखी. उंची फुटाच्या आतबाहेर, वजन दहा-बारा किलो. तो गाईच्या मागच्या खुराजवळ हलकेच चावा घेतो आणि खाली दबतो. गाय लाथ झाडते ती त्याच्या डोक्यावरून निघून जाते. उंच कुत्र्याचा तिथे जबडाच फुटला असता. बुटकेपणाचा इतका चोख उपयोग दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल.

लढाईतली एक गोष्ट सांगतो. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या जंगलात १९४४ साली एका खड्ड्यात यॉर्कशायर टेरियर जातीची एक कुत्री अमेरिकन सैनिकांना सापडली. वजन पुरते दोन किलोही नाही. तिचे नाव स्मोकी. बिल विन नावाच्या सैनिकाने तिला सांभाळले. १९४५ च्या जानेवारीत फिलिपाईन्समधल्या लिंगायन आखाताजवळच्या विमानतळावर धावपट्टीखालून टेलिफोनच्या तारा न्यायच्या होत्या. खाली सत्तर फुटांची नळी होती, आठ इंच रुंदीची, आणि मधे मधे मातीने अर्धी भरलेली. पट्टी खोदायची तर माणसे तीन दिवस शत्रूच्या विमानांच्या तोंडी देऊन बसवावी लागली असती. विनने तिच्या पट्ट्याला दोरी बांधली आणि दुसऱ्या टोकाला जाऊन तिला हाक मारत राहिला. ती अंधारातून, माती उकरत, दोरी ओढत बाहेर आली. अलीकडे युक्रेनच्या लढाईत पेट्रॉन नावाच्या जॅक रसेल कुत्र्याने पेरलेले सुरुंग हुंगून दाखवले. २०२२ च्या मे महिन्यात त्या देशाच्या अध्यक्षांनी त्याला पदक दिले.

शर्यत कुणाची आणि कशी

परदेशात या कुत्र्यांच्या गुणांचे खेळ झाले आहेत. पूर्वीचे खेळ मात्र सांगताना लाज वाटावी असे होते. लंडनमध्ये उंदरांच्या खड्ड्यात कुत्रा सोडून पैजा लावत. बिली नावाच्या कुत्र्याने १८२३ साली साडेपाच मिनिटांत शंभर उंदीर मारले, याची नोंद आहे. काम म्हणून उंदीर मारणे वेगळे आणि तिकीट लावून मारवणे वेगळे. पुढे ते बंद पडले.

आता अमेरिकेत २०१३ पासून एक खेळ निघाला आहे, त्याला खळ्यातली शिकार म्हणता येईल. आपण कडब्याची गंजी लावतो तसे पेंढ्याचे गठ्ठे रचून त्यातून वाट काढतात. भोके पाडलेल्या बळकट नळीत पाळीव उंदीर सुखरूप ठेवून ती नळी पेंढ्यात लपवतात. काही नळ्या रिकाम्या, काहींत नुसता उंदराखालचा भुसा. कुत्र्याने जिवंत उंदराची नळी ओळखायची, एवढाच खेळ. उंदराला कुणी हात लावत नाही. इथे नाक आणि चिकाटी लागते, म्हणून सहा किलोचा कुत्रा तीस किलोच्या कुत्र्याच्या बरोबरीने उभा राहतो.

दुसरा खेळ चार कुत्र्यांच्या संघांचा. एक्कावन्न फूट अंतर, वाटेत चार अडसर, टोकाला एक पेटी. कुत्र्याने अडसर ओलांडत जायचे, पेटीवर पाय मारायचा, उसळलेला चेंडू तोंडात पकडायचा आणि परत यायचे. मग दुसरा सुटतो. मला यातला नियम फार आवडला. अडसरांची उंची संघातल्या सर्वांत लहान कुत्र्याच्या मापाने ठरते. त्यामुळे मोठमोठे कुत्रे पाळणारे लोक आपल्या संघात एक चपळ बुटका मुद्दाम शोधून घेतात. त्याच्यामुळे बाकी तिघांचे काम हलके होते. अडथळ्यांच्या शर्यतीचा आणखी एक प्रकार १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स या मोठ्या श्वान प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवला गेला. आता त्यातही उंचीप्रमाणे वेगवेगळे गट असतात.

आपल्याकडे काही गावांत यात्रेत कुत्र्यांच्या शर्यती होतात. त्यात उंच, सडपातळ कुत्र्यांचीच चलती. पण पुढे जिवंत ससा सोडणे हा गुन्हा आहे, हे तरुण मंडळींनी ध्यानात ठेवावे. रानातल्या सशाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. यात्रा कमिटीला हौसच असेल तर पेंढ्याच्या गंजीत वासाची चिंधी लपवून शोधायला लावावी. लहान मुलांनाही पाहता येईल आणि कुणाचा जीव जाणार नाही.

टिल्लूचे चार दिवस

आता ती चूक.

त्याच वर्षी ऊसतोड संपल्यावर उन्हाळ्यात आम्ही गावात उंदीर मारण्याची मोहीम घेतली. एकट्याने औषध घालून उपयोग होत नाही, शेजारच्या शेतातले उंदीर इकडे येतात, म्हणून साऱ्या शिवारात एकदम घालायचे. पद्धत सर्वांना माहीत आहे. पहिल्या दिवशी सगळी बिळे मातीने बुजवायची. दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील ती जिवंत. त्यांत दोन-तीन दिवस बिनविषारी भरड तेल लावून ठेवायची, म्हणजे उंदराला चव लागते आणि भीती मोडते. मग त्याच भरडीत शंभर भागांना दोन भाग या प्रमाणात झिंक फॉस्फाईड कालवायचे. चव लावण्याचे दिवस वगळले तर उंदीर थोडेसे चाखून बाजूला होतो आणि पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही.

त्या वस्तीवर बिळे बुजवायची गरजच पडली नाही. टिल्लू आमच्यापुढे चालायचा. रिकाम्या बिळावरून तो न थांबता जाई. जिवंत बीळ आले की थांबे, मान वाकडी करून ऐके आणि पुढच्या पायांनी उकरू लागे. शंका नको म्हणून पहिल्या बांधावर मी त्याने दाखवलेली आणि सोडलेली, दोन्ही प्रकारची बिळे बुजवून पाहिली. सकाळी त्याने दाखवलेली उकरलेली होती, बाकीची तशीच. मी वहीत टिपून ठेवले. कार्यालयात सहकाऱ्यांना सांगितले तेव्हा ते हसले. मला मात्र मोठा शोध लागल्यासारखे झाले होते.

दोन दिवस आम्ही बिनविषारी भरड ठेवत गेलो. टिल्लू बरोबर असायचाच. आम्ही पुढे सरकलो की तो मागे राहून बिळाच्या तोंडाशी ठेवलेली तेलकट भरड चाटून घ्यायचा. धाकटा नातू ओरडायचा, "साहेब, टिल्लूनं उंदराचं जेवाण खाल्लं!" आम्ही सगळे हसायचो. मीही हसलो. उंदराला चव लावतोय, तशी कुत्र्यालाही लागते आहे, हे पदवीधर माणसाच्या ध्यानात येऊ नये?

तिसऱ्या दिवशी सकाळी गावात सभा घेतली. हाताने कालवू नका, काठी वापरा. मुलांना जवळ येऊ देऊ नका. कोंबड्या डालून ठेवा. जनावरे त्या बांधावर सोडू नका. उरलेले औषध पुरा. मेलेले उंदीर गोळा करून खोल गाडा. सगळे सांगितले. संध्याकाळी आमिष घातले. टिल्लूला आजीने घरी थांबवून ठेवले होते, म्हणून तो बरोबर नव्हता. रात्री त्याला मोकळे सोडले, नेहमीसारखे.

पहाटे मला बोलावणे आले. टिल्लू गोठ्याजवळ पडला होता. ओकारीला लसणासारखा वास येत होता. घरच्यांनी त्याला दूध पाजले होते, ताक पाजले होते. मायेने केले, पण ते करायला नको होते. जनावरांच्या डॉक्टरांना आणायला मुलगा सायकलवर गेला होता. ते येईपर्यंत सगळे संपले. खंड्या थोड्या अंतरावर बसून होता.

आजी मला काही वाईट बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "साहेब, तुमी पोरांचं सांगितलं, कोंबड्यांचं सांगितलं. ह्याचं नाही सांगितलं."

त्यावर मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचत नाही.

म्हणून आता सांगतो. उंदरांचे औषध घालायच्या आदल्या दिवसापासून कुत्रे बांधा, आणि मेलेले उंदीर उचलून संपेपर्यंत सोडू नका. चव लावण्याच्या दिवसांत तर त्याला बांधावर नेऊच नका. झिंक फॉस्फाईडचा पोटातल्या आम्लाशी संयोग होऊन विषारी वायू तयार होतो. त्यावर उतारा नाही. कुत्र्याने ते खाल्ल्याची शंका आली तर खायला-प्यायला काही देत बसू नका, दूध-तेल तर नाहीच. त्याला मोकळ्या हवेत ठेवा, ओकारीचा वास आपण घेऊ नका आणि घटकाही न दवडता डॉक्टर गाठा. ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांची गोष्ट वेगळी. त्या खाल्लेला कुत्रा दोन-चार दिवस चांगला दिसतो. मग हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून किंवा लघवीतून रक्त जाते. या विषावर के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन आणि पुढे गोळ्या देऊन कुत्रा वाचू शकतो, मात्र वेळेत नेला पाहिजे. या वड्या खाऊन सुस्त झालेले उंदीर खाल्ल्यानेही कुत्र्याच्या अंगात विष साठते. ज्या वस्तीवर उंदीर मारणारा कुत्रा आहे तिथे मी तरी औषधाआधी पिंजरे आणि बिळे खणणे सुचवतो. त्या कामात कुत्रा आपल्याबरोबर राहू शकतो.

रात्री तो कुठे झोपतो?

टिल्लूच्या वेळी या भागात बिबट्याचे नाव नव्हते. आता बारामती-इंदापूरच्या उसातही तो येऊ लागला आहे. शेळी गेली की आपण पंचनामा करतो, कुत्रा गेला तर 'पळून गेला असेल' म्हणतो. अकोले तालुक्यात, म्हणजे आपल्यासारख्याच उसाच्या मुलखात, अभ्यासकांनी बिबट्याची विष्ठा तपासून तो काय खातो ते पाहिले. वजनाच्या हिशेबाने त्याच्या खाण्यात ३९ टक्के वाटा पाळीव आणि मोकाट कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांचा त्याच्या निम्म्याहूनही कमी.

मोठा कुत्रा बिबट्याच्या वासाने शेपूट घालून घरात शिरतो. बुटका धाडसी कुत्रा पुढे जातो, कारण त्याच्या रक्तात मागे फिरणे नाही. त्याच्या धाडसाला आपणच आवर घालायचा. दिवस मावळला की त्याला घरात, निदान वरून झाकलेल्या बंद खोपटात घ्या. साखळीने बाहेर बांधून ठेवणे म्हणजे बिबट्यापुढे ताट वाढून ठेवणे आहे. त्याचे भुंकणे आतूनही ऐकू येते. डॅशहंडच्या रक्ताला जमिनीखालून वर ऐकू जाईल असा आवाज दिलेलाच आहे.

पिल्लू निवडताना लोक मला विचारतात, धाडसी कसे ओळखायचे? माझा साधा उपाय आहे. पिल्लापासून चार हातांवर जर्मनची ताटली टाका. सगळीच दचकतील. दचकून पळाले आणि कोपऱ्यात बसून राहिले ते सोडा. दचकून थांबले आणि मग मान पुढे करून ताटली हुंगायला आले, ते घ्या. आणि जे उगाच पायाला चावत सुटते त्याला धाडसी समजू नका. ते बहुधा भित्रे असते आणि मोठेपणी पोराबाळांना चावते. डॅशहंडच्या वळणाचे लांबट पिल्लू असेल तर त्याला लठ्ठ होऊ देऊ नका आणि कट्ट्यावरून उड्या मारू देऊ नका. त्याचा पाठीचा कणा ही त्याची नाजूक जागा आहे.

पिसाळण्याविरुद्धची लस तीन महिन्यांच्या वयात, नंतर डॉक्टर सांगतील तसा दुसरा डोस, मग दरवर्षी. यात कंजुषी नको. जो कुत्रा कुणालाही भिडतो तो पिसाळलेल्या कुत्र्यालाही भिडणारच. उंदीर धरणाऱ्या कुत्र्याला लेप्टो या रोगाची लसही टोचून घ्या. उंदराच्या लघवीतून तो पसरतो आणि माणसालाही होतो. कुत्रा चावलाच, मग तो आपला असो की परका, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवा आणि सरळ सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनांचा क्रम पुरा करा. हळद, चुना, मिरची, बुवाचा अंगारा यात एक दिवसही घालवू नका.

गेल्या मोसमात पुन्हा त्या वस्तीवर गेलो होतो. आजी आता नाहीत. 'टिल्लूनं उंदराचं जेवाण खाल्लं' म्हणून ओरडणारा नातू आता घरचा कर्ता आहे. दारात एक ठेंगणे, पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांचे कुत्रे होते. कुठल्या जातीचे ते त्यालाही सांगता येईना. बारामतीच्या बाजारातून आणले म्हणाला. चारीच्या भरावात घुशी फार झाल्या होत्या, म्हणून मी पिशवीतून औषधाची पुडी काढून प्रमाण सांगू लागलो.

"थांबा, साहेब," तो म्हणाला. आधी उठला, कुत्र्याला उचलून काखेत मारले, आत नेऊन खोलीत कोंडले आणि बाहेरून कडी घातली. मग येऊन माझ्यासमोर बसला.

"हां, आता सांगा."